ज्येष्ठतेची यादी आणि मुख्यालयाचा पत्ता

बालाघाटहून नियमित प्रवासी विमान उडत नाही. जिल्ह्यात बैहरजवळ बिरव्याला एक धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावे असे विमान तिथे येत नाही. ज्याला उडायचे आहे तो राज्याची सीमा ओलांडून गोंदियाजवळच्या बिरसीला जातो, नाहीतर सरळ नागपूर गाठतो. अशा गावाने विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाचा इतिहास का तपासावा, असे कुणी विचारले तर दोन उत्तरे आहेत. पहिले अगदी जवळचे. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एकत्र झाल्या तेव्हा नागरी विमान वाहतूक मंत्री होते गोंदियाचे प्रफुल्ल पटेल. दुसरे उत्तर जरा जुने आहे. १९५० च्या दशकात चार-पाच वर्षांच्या आत रेल्वे, विमानसेवा आणि खुद्द राज्य अशी तीन मोठी एकत्रीकरणे या भागाने पाहिली, आणि त्यांतल्या दोहोंनी बालाघाटचे रोजचे व्यवहार कुठल्या शहरातून चालणार हे ठरवले. ही सगळी एका रांगेत ठेवून पाहिली की एक गोष्ट ठळक होते. दोन संस्था एक होतात तेव्हा चर्चा चालते नावाची, मालमत्तेची आणि होणाऱ्या बचतीची. पण एकत्रीकरण टिकणार की कुजणार हे दोन कागद ठरवतात: कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता यादी आणि मुख्यालयाचा पत्ता. हे दोन्ही आधी ठरले तिथे त्रास झाला, पण संस्था उभी राहिली. ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवले तिथे संस्थाच हातची गेली.

राज्यापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण ते विलीनीकरण बालाघाटच्या प्रत्येक घराने अनुभवले. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बालाघाटची राजधानी नागपूर होती. सचिवालय तिथे, उच्च न्यायालय तिथे, मोठे कॉलेज आणि मोठा दवाखानाही तिथेच. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि महाकोशलचे जिल्हे मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ यांच्याबरोबर नव्या मध्य प्रदेशात आले. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला. पावणेदोनशे किलोमीटरच्या आत असलेले सरकार एका रात्रीत चारशे किलोमीटरच्या पलीकडे गेले. मात्र राज्य पुनर्रचना कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट नीट कळली होती. चार वेगवेगळ्या राजवटींतले तहसीलदार, शिक्षक आणि कारकून एका खात्यात आले की पहिला प्रश्न निघणार तो वरचा कोण आणि खालचा कोण, हाच. म्हणून कायद्याच्या ११५ व्या कलमात सेवांची वाटणी आणि एकत्रीकरण यांची तरतूद केली गेली. कर्मचाऱ्यांना न्याय्य वागणूक मिळावी यासाठी केंद्राला सल्लागार समित्या नेमता येतील असे ठरले, आणि केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय कुणाच्याही सेवाशर्ती त्याच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या नाहीत असे बंधन घातले गेले. तरीही ज्येष्ठतेचे दावे न्यायालयांत वर्षानुवर्षे चालले. पण भांडण कुठे न्यायचे आणि कोणत्या नियमावर बोट ठेवायचे, हे प्रत्येकाला ठाऊक होते. मुख्यालय गमावणाऱ्या नागपूरलाही पुढे नागपूर कराराने विधिमंडळाचे एक अधिवेशन मिळाले. गेलेल्याची ती पूर्ण भरपाई नव्हती, पण काहीतरी गेले आहे हे मान्य तरी झाले होते.

रेल्वेची गोष्ट याला जोडूनच येते. गोंदिया, बालाघाट, नैनपूर, जबलपूर ही नॅरोगेजची सातपुडा लाइन बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी टाकली. जंगलातले लाकूड, भरवेलीचे मँगनीज, कटंगीचे धान्य या सगळ्याची ने-आण ठरवणारे वरिष्ठ कार्यालय कलकत्त्याच्या गार्डन रीचमध्ये होते, गोंदियाहून सुमारे हजार किलोमीटरवर. १ ऑक्टोबर १९४४ ला सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. १४ एप्रिल १९५२ ला ती ईस्ट इंडियन रेल्वेच्या पूर्वेकडच्या विभागांशी जोडली जाऊन पूर्व रेल्वे झाली. पण पोलाद कारखान्यांची वाहतूक वाढणार होती आणि एवढा पसारा एका जागेवरून झेपणारा नव्हता, म्हणून १ ऑगस्ट १९५५ ला जुन्या बंगाल नागपूर रेल्वेचा मुलूख पुन्हा वेगळा काढून दक्षिण पूर्व रेल्वे केली गेली. जोडलेले तीन वर्षे आणि काही महिन्यांत सोडले, आणि कुणाची अब्रू गेली नाही. हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते, कारण विलीनीकरण म्हणजे परतीची वाट नसलेला घाट, असे समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. पुढे २००३ मध्ये आणखी एक तुकडा पडला आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय बिलासपूरला आले. बिलासपूरच्या लोकांनी त्यासाठी आंदोलन केले होते. बालाघाटच्या दृष्टीने हजार किलोमीटरवरचा महाव्यवस्थापक तीनशेच्या आसपास आला. नॅरोगेजचे ब्रॉडगेज होऊन जबलपूरपर्यंत सलग मार्ग तयार व्हायला तरी २०२० नंतरचा काळ उजाडला, त्यामुळे मुख्यालय जवळ आले की काम लगेच होते असा दावा मी करणार नाही. दावा एवढाच की मागणी घेऊन जायला आता एक दार जवळ होते.

आता विमाने. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली आणि १९४६ नंतर परवानेही सढळपणे दिले गेले. टाटांची एअर इंडिया आधीपासून होतीच. तिच्या भोवती एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, एअरवेज इंडिया, हिमालयन एव्हिएशन, बिजू पटनाईकांची कलिंग एअरलाइन्स अशा कंपन्या उभ्या राहिल्या. प्रवासी मात्र थोडे. अंबिका आणि ज्युपिटरसारख्या कंपन्या लवकरच बंद पडल्या. याच काळात नागपूरला देशाच्या विमान नकाशावर एक मानाची जागा मिळाली. १९४९ च्या जानेवारीअखेर रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. हिमालयन एव्हिएशनने काही काळ ही सेवा चालवली. राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने ती १९७३ पर्यंत ओढली. देशाच्या मध्यभागी असणे ही विमान वाहतुकीत केवढी जमेची बाजू आहे हे त्या सेवेने दाखवून दिले. ती बंद झाल्यावर मध्य भारताला तसे स्थान पुन्हा मिळाले नाही.

एवढ्या कंपन्यांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी १९५० मध्ये न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. हेच राजाध्यक्ष १९४६-४७ मध्ये रेल्वे कामगारांच्या वादात लवाद होते आणि कामाच्या तासांबद्दलचा त्यांचा निवाडा रेल्वेत पुढे कित्येक वर्षे आधार मानला गेला. नोकरदार माणसाचे तास, विश्रांती आणि बढती यांची जाण असलेला माणूस विमान कंपन्यांचे हिशेब पाहत होता, हे मी मुद्दाम नोंदवतो. समितीने तातडीच्या राष्ट्रीयीकरणाची शिफारस केली नाही. कंपन्यांनी आपखुशीने एकत्र येऊन चारच उराव्यात असे तिचे म्हणणे होते. म्हणजे एकाधिकाराऐवजी चौघांमधली स्पर्धा. कंपन्यांना आपसात जमले नाही आणि सरकारने वेगळा मार्ग धरला. १९५३ चा हवाई महामंडळ कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. ताफ्यात ९९ विमाने होती, त्यांपैकी ७४ डाकोटा. परदेशी उड्डाणांचे एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळे महामंडळ झाले. राष्ट्रीयीकरण झालेच तर परदेशी सेवा देशांतर्गत सेवेत मिसळू नये असा जे. आर. डी. टाटांचा आग्रह होता आणि तो मानला गेला. त्यांची तक्रार वेगळी होती. इतका मोठा निर्णय घेताना ज्यांनी हा धंदा उभा केला त्यांच्याशी आधी बोलणेच झाले नाही, ही. ती तक्रार खरी होती.

पण या कायद्याचे विसावे कलम आज वाचले पाहिजे. १ जुलै १९५२ पूर्वी कंपनीत लागलेला आणि अजूनही नोकरीत असलेला प्रत्येक कर्मचारी ठरल्या दिवशी आपोआप महामंडळाचा कर्मचारी होईल, त्याच मुदतीवर, त्याच पगारावर आणि त्याच शर्तींवर. संचालक आणि मॅनेजिंग एजंट यांना ही हमी नव्हती. सुरक्षा दिली ती काम करणाऱ्यांना, मालकीच्या जोरावर बसलेल्यांना नव्हे. तारखेची अट कडक होती आणि त्यानंतर लागलेल्यांना तिचा फटका बसला असणार, हे मान्य. तरीही संसदेत, उघडपणे, विलीनीकरणाच्या दिवसाआधी माणसांचा प्रश्न लिहून काढलेला होता. याच्याविरुद्ध एक आक्षेप लगेच येईल: त्या विलीनीकरणाने स्पर्धा संपवली, आणि पुढची चाळीस वर्षे देशात विमानाने जायचे तर एकाच कंपनीच्या खिडकीवर उभे राहावे लागले. आक्षेप बरोबर आहे. नियमित सेवेचा एकाधिकार कायद्याने १९९४ मध्ये संपला, आणि तोवर विमानप्रवास हा अधिकाऱ्यांचा व धनिकांचाच राहिला. राजाध्यक्षांचा चार कंपन्यांचा मार्ग घेतला असता तर काय झाले असते, हा प्रश्न म्हणूनच मनातून जात नाही. १९५३ ने कर्मचारी सांभाळले आणि प्रवाशाची निवड काढून घेतली. म्हणून मी तो नमुना आदर्श मानत नाही. त्यातली माणसांबद्दलची शिस्त तेवढी मोलाची मानतो.

ती शिस्त २००७ मध्ये दिसली नाही. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, त्याच महिन्याच्या अखेरीस नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया ही नवी कंपनी नोंदली गेली आणि २७ ऑगस्टपासून दोन्ही संस्था तिच्यात गेल्या. कारणे ऐकायला पटण्यासारखी होती. छोट्या गावाहून दिल्ली-मुंबईला आणि तिथून परदेशात एकाच कंपनीने नेले तर प्रवासी दुसरीकडे जाणार नाही, दुरुस्तीचे कारखाने एक होतील, सुटे भाग एकत्र घेता येतील. पण एकीकडे होती मुंबईची दूरपल्ल्याची बोइंग विमाने आणि दुसरीकडे दिल्लीहून चालणारी, देशांतर्गत फेऱ्यांची एअरबस. दोन्हीकडे पगाराची रचना वेगळी, भत्ते वेगळे, कमांडर होण्यासाठी लागणारी वर्षे वेगळी. इंडियन एअरलाइन्सचा पायलट तुलनेने लवकर कमांडर होई, एअर इंडियाच्या पायलटला बराच थांबा असे. युनियनही दोन होत्या, इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि इंडियन पायलट्स गिल्ड. या सर्वांना एका ओळीत उभे करायचे तर पुढे कोण? याचे उत्तर विलीनीकरणाच्या कागदांत नव्हते. २०११ च्या एप्रिलअखेरीस इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्या पायलटांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर कुठे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली वेतन आणि ज्येष्ठतेचा मेळ घालण्यासाठी समिती नेमली गेली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायदान केलेल्या या न्यायमूर्तींच्या समितीचा अहवाल २०१२ च्या सुरुवातीला आला. म्हणजे लग्नानंतर साडेचार वर्षांनी घरात कुणी कुठे झोपायचे ते ठरले. आणि अहवाल येऊनही मे २०१२ मध्ये दुसऱ्या बाजूचा संप झालाच. नव्या ड्रीमलायनरचे प्रशिक्षण कोणाला, या प्रश्नावर एअर इंडियाचे जुने पायलट ५८ दिवस कामावर आले नाहीत. शंभराच्या वर पायलटांना बडतर्फीच्या नोटिसा गेल्या.

इथे विलीनीकरणाचे समर्थक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे गंभीरपणे घेतले पाहिजे, की कंपनी बुडाली ती विलीनीकरणाने नव्हे. १११ नव्या विमानांची खरेदी आधीच ठरली होती, तिचे कर्ज डोक्यावर होते. २००८ मध्ये इंधन भडकले आणि मग जागतिक मंदी आली. आखाती कंपन्या प्रवासी पळवत होत्या आणि देशात स्वस्त तिकिटांची लाट होती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०११ च्या अहवालानेही विमानखरेदीवरच मोठा ठपका ठेवला. हे सगळे खरे आहे. दोन्ही कंपन्यांचा मिळून २००६-०७ चा तोटा सुमारे ७७० कोटी होता, तो २००८-०९ मध्ये साडेपाच हजार कोटींच्या वर गेला, आणि एवढी उडी केवळ भांडणांनी येत नाही. पण हेच विलीनीकरणाचे समर्थन आहे की त्याच्यावरचा आरोप? कर्ज फेडण्यासाठी जी बचत व्हायची होती ती एकत्र ताफा आणि एकत्र माणसे वापरूनच होणार होती. पायलट इकडचा तिकडे नेता येत नाही, इंजिनिअरची बढती कोणत्या यादीतून द्यायची ते ठरत नाही, दोन उड्डाणसंकेत २०११ पर्यंत वेगळे राहतात, अशा अवस्थेत बचत होणार कशी? बाहेरची वादळे सर्वांनाच लागली. ती लागली तेव्हा ही कंपनी ज्येष्ठतेच्या वादात हात बांधून बसली होती. २०१२ मध्ये सरकारने सुमारे तीस हजार कोटींचे भांडवल टप्प्याटप्प्याने द्यायचे मान्य केले, ती या अवस्थेची किंमत होती. ते पैसे करदात्याचे होते, विमानात कधी न बसलेल्या बालाघाटच्या शेतकऱ्याचेही.

मुख्यालयाचे काय झाले? नरिमन पॉइंटवरची तेवीस मजल्यांची एअर इंडिया इमारत १९७४ पासून मुंबईची ओळख होती. २०१३ मध्ये कंपनीचे मुख्यालय तिथून दिल्लीला गेले. पुढे ही इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचे ठरले. अनेकांनी हळहळ व्यक्त केली ती वास्तूबद्दल. मला त्याहून मोठे नुकसान दुसरे वाटते. मुख्यालय म्हणजे निर्णय घेणारी माणसे हाकेच्या अंतरावर असणे. २००८ चे जेट एअरवेजचे प्रकरण आठवावे. ऑक्टोबरात जेट आणि किंगफिशर यांनी परस्पर सहकार्याचा करार जाहीर केला आणि दोनच दिवसांत जेटने सुमारे एकोणीसशे जणांना कामावरून काढायचे ठरवले. तरुण केबिन क्रू मुंबईच्या रस्त्यावर आले, राज ठाकरे यांच्याकडे गेले, आणि दुसऱ्याच रात्री जेटचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी सर्वांना परत घेतल्याचे जाहीर केले. राजकीय दबावाने नोकऱ्या वाचाव्यात हा काही आदर्श मार्ग नाही. तरी यातून एवढे सिद्ध होते की मालक, कर्मचारी आणि त्यांच्या बाजूने बोलणारे एकाच शहरात होते, म्हणून प्रकरण एका रात्रीत उलटले. सरकारी एअर इंडिया टाटांना विकली गेली आणि कलिन्याच्या वसाहतीतल्या कर्मचाऱ्यांना घरे सोडायला सांगितले गेले, तेव्हा कंपनीचा निर्णयकर्ता मुंबईत नव्हता आणि घरे होती तिथेच होती. ती माणसे न्यायालयात गेली. २०२२ नंतर टाटांनी कंपनीचा कारभार गुरुग्रामला नेला. दिल्लीतले सरकार, दिल्लीतले नियामक आणि शेजारी गुरुग्राममध्येच इंडिगोही, म्हणून कंपनीला हे सोयीचे आहे यात शंका नाही. पण अशा सोयीचा खर्च कुठल्या ताळेबंदात दाखवत नाहीत.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. विलीनीकरणाच्या वेळी तीस हजारांच्या आसपास असलेले कर्मचारी विक्रीच्या वेळी, २०२१ मध्ये, कायम आणि कंत्राटी मिळून १२,०८५ उरले होते. हा सगळा फरक कपातीचा नाही. देखभाल-दुरुस्ती आणि जमिनीवरची सेवा यांच्या वेगळ्या कंपन्या केल्या गेल्या आणि हजारो माणसे तिकडे गेली, कित्येक निवृत्त झाली. म्हणून ‘अठरा हजारांच्या नोकऱ्या गेल्या’ असे म्हणणे चूक ठरेल. ज्या जागा रिकाम्या झाल्या त्या त्याच शर्तींवर भरल्या गेल्या नाहीत, एवढे मात्र म्हणता येते. टाटांना विकताना पहिले वर्षभर कुणाला काढायचे नाही, आणि त्यानंतर काढायचे तर स्वेच्छानिवृत्ती द्यायची, अशी अट होती. १९५३ च्या कलमाशी ही अट ताडून पाहिली की सत्तर वर्षांत हमीची मुदत किती आखडली ते कळते.

स्पर्धेच्या बाजूने सर्वांत बळकट आक्षेप असा आहे: आज देशात इंडिगोचा वाटा साठ टक्क्यांच्या वर आहे आणि ही कंपनी कुणाला गिळून मोठी झाली नाही. स्वतः विमाने आणली, वेळ पाळली, खर्च कमी ठेवला. मग एकाधिकाराचे खापर विलीनीकरणांवर का? याचे उत्तर २००७ मध्येच आहे. त्या वर्षी सरकारी जोडणीच्या बरोबरीने दोन खासगी जोडण्या झाल्या. जेटने एअर सहारा १,४५० कोटींना घेतली आणि किंगफिशरने एअर डेक्कनवर ताबा मिळवला. एअर डेक्कन ही लहान गावांना आणि पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांना परवडणारी कंपनी होती. थाटामाटाच्या किंगफिशरला तिचे काय करायचे ते समजले नाही, आणि २०११ मध्ये तिने स्वस्त सेवा बंदच केली. २०१२ मध्ये किंगफिशरची उड्डाणे थांबली, कर्मचाऱ्यांचे पगार थकलेलेच राहिले. सहाराच्या खरेदीचे ओझे जेटला वर्षानुवर्षे वागवावे लागले, आणि एप्रिल २०१९ मध्ये जेटही थांबली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. सहा कंपन्यांच्या जागी आधी तीन राहिल्या आणि त्यांतल्या दोन बुडाल्या. रिकाम्या झालेल्या वेळा आणि प्रवासी इंडिगोच्या पदरात पडले. इंडिगोने कुणाला विकत घेतले नाही हे खरे, पण ज्यांनी इतरांना विकत घेतले त्यांच्या जागेवर ती वाढली. विलीनीकरण स्पर्धा मारते ते नेहमी विलीनीकरणाच्या दिवशी नाही. कधी खरेदीदार पाच-दहा वर्षांनी त्या खरेदीखालीच दबतो आणि मग बाजार उरतो एकट्याचा. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना इंडिगोचे वेळापत्रक कोसळले, एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि देशांतर्गत तिकिटांवर सरकारला कमाल भाड्याची मर्यादा घालावी लागली. एका कंपनीतली माणसांची टंचाई ही देशाची अडचण झाली. राजाध्यक्षांनी चार कंपन्या का सुचवल्या असतील, हे त्या आठवड्यात रांगेत उभ्या असलेल्या प्रवाशाला वेगळे सांगावे लागले नसते.

दरम्यान टाटांनीही आपल्या चार कंपन्यांच्या दोन केल्या. एअरएशिया इंडियाचे झालेले एआयएक्स कनेक्ट १ ऑक्टोबर २०२४ ला एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये, आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात. या वेळी कागदपत्रे २००७ पेक्षा कितीतरी नीट होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. स्पर्धा आयोगाने काही मार्गांबाबत अटी घालून परवानगी दिली, सिंगापूर एअरलाइन्सचा २५.१ टक्के हिस्सा ठरला. तरीही २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्ताराची उड्डाणे विस्कटली, कारण सत्तर तासांच्या निश्चित वेतनाऐवजी चाळीस तासांचे वेतन देणारा करार पायलटांपुढे आला होता. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसचे दोनशेच्या आसपास केबिन क्रू एकाच वेळी आजारी पडल्याचे कळवून घरी राहिले, पंचवीस जणांना काढले आणि कामगार आयुक्तांच्या मध्यस्थीने परत घेतले. वाद पुन्हा तोच होता. कोणाच्या शर्ती कोणाला लागू, आणि नव्या यादीत माझी जागा कुठे? फरक एवढा पडला की २०११ मध्ये भांडण विलीनीकरणानंतर पेटले, २०२४ मध्ये ते आधी पेटले आणि आधीच बसवले गेले. हा फरक लहान नाही. पण स्पर्धा कायद्याच्या विसाव्या कलमात विलीनीकरण तपासायचे जे निकष दिले आहेत, त्यांत बाजारातला वाटा आहे, नव्या कंपनीला येण्यातल्या अडचणी आहेत, बुडत्या धंद्याचा विचार आहे, आणि कर्मचाऱ्यांचा उल्लेख नाही. १९५३ च्या विसाव्या कलमात नेमके तेच होते.

शेवटचा आक्षेप बालाघाटचाच आहे. इथल्या माणसाला विस्तारा राहिली काय, गेली काय? बिरसीचा अनुभव पाहू. ब्रिटिशांच्या काळातली ही धावपट्टी, पुढे वैमानिक प्रशिक्षणाचे केंद्र. मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगने इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू केली आणि ती थोड्याच काळात बंद पडली. डिसेंबर २०२३ मध्ये इंडिगो आली आणि हैदराबाद व तिरुपती जवळ आले. लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत निवडलेल्या कंपनीला त्या मार्गावर तीन वर्षे एकटीने उडण्याचा हक्क मिळतो, म्हणजे अशा गावात स्पर्धा मुळातच नसते. इथे विलीनीकरणाचा अर्थ एवढाच की या मार्गाची फाइल कोणत्या शहरातल्या कोणत्या टेबलावर आहे, आणि ताफा अपुरा पडला तर पहिली फेरी कुठली कापायची हे तिथे कोण ठरवते. रेल्वेत मंडळ आणि झोन पातळीवर प्रवाशांच्या सल्लागार समित्या असतात, आणि बालाघाटची माणसे नागपूर मंडळापुढे गाडीची वेळ बदला, थांबा द्या, म्हणून निवेदन ठेवू शकतात. विमानतळांनाही खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते, पण ती बोलते ते विमानतळाबद्दल, प्रतीक्षागृह आणि रस्त्याबद्दल. सेवा मागे घेणाऱ्या कंपनीने आधी किती दिवस कळवावे, कारण कुणापुढे सांगावे, आणि दोन कंपन्या एक होताना लहान गावांच्या मार्गांचे पुढे काय करणार हे लेखी द्यावे, अशी मागणी स्पर्धा आयोगापुढे करायला गोंदिया आणि बालाघाट या दोन्ही जिल्ह्यांच्या व्यापारी मंडळांना व लोकप्रतिनिधींना आज कोणतीही अडचण नाही. आयोग अशा प्रकरणांत लोकांचे म्हणणे मागवू शकतो. पुढची विलीनीकरणाची अधिसूचना निघेल तेव्हा या भागातून त्याच्याकडे एखादे निवेदन जायला हवे, राज्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सह्यांचे.